सोमवार सकाळची पोटदुखी: शाळेतला छळ ओळखायचा आणि थांबवायचा कसा

रविवारी रात्रीपर्यंत धिंगाणा घालणारं मूल सोमवारी सकाळी पोट धरून बसतं. शाळा बुडाली की अकरा वाजता तेच मूल बरं होऊन खेळायला लागतं. घरात याला सरळ ‘सोंग’ म्हटलं जातं. दुखणं मात्र बहुतेक वेळा खरं असतं, फक्त त्याचं मूळ पोटात नसतं. छळ सोसणारं मूल तोंडाने सांगायच्या कितीतरी आधी पोटाने, डोक्याने आणि झोपेने सांगत असतं. म्हणून त्याला समोर बसवून उलटतपासणी घेण्याआधी एक वही घ्या. पुढे मुलाशी बोलताना, शाळेत आणि डॉक्टरांकडे, तिन्हीकडे हीच वही कामाला येते.

भांडण की छळ

मुलं भांडतात, चिडवतात, दोन दिवस कट्टी घेतात. प्रत्येक भांडणाला छळ म्हणून शाळेत धाव घेतली, तर खऱ्या तक्रारीच्या वेळी कुणी कान देत नाही. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी घालून दिलेली कसोटी आजही वापरली जाते: दुखवायचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोघांच्या ताकदीतला फरक. मोठी माणसं चुकतात ती तिसऱ्या मुद्द्यावर. ताकद म्हणजे फक्त दंडातली नव्हे. टोळीत असणं, वर्गाचं लाडकं असणं, समोरच्याचं एखादं गुपित ठाऊक असणं, हीसुद्धा ताकदच. साधा प्रश्न विचारा: ‘आता बस’ म्हटल्यावर समोरच्याला थांबवण्याची ताकद या मुलात आहे का? नसेल, तर ते भांडण नाही.

मारहाण लगेच दिसते. टोपणनावं कानावर पडतात. वाळीत टाकणं मात्र ना दिसतं ना ऐकू येतं. डबा खाताना सगळे उठून दुसऱ्या बाकावर जातात, गटात कुणी घेत नाही, हे मूल आलं की बोलणं थांबतं. यात वळ उठत नाहीत, म्हणून शिक्षकही त्याला छळ मानायला तयार नसतात. मुलांना मात्र ते माराइतकंच लागतं, काहींना जास्तच.

आणि हे काही एखाद्या नाजूक मुलाचं दुखणं नव्हे. युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र मांडली. त्यात जवळपास दर ३ विद्यार्थ्यांपैकी एकाने सांगितलं होतं, की मागच्या महिन्याभरात किमान एकदा तरी सोबतच्या मुलांनी त्रास दिला.

शरीर काय सांगतं

धोका जाणवला की मेंदू शरीराला लढायला किंवा पळायला सज्ज करतो. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं. कुत्रं मागे लागलं तर ही तयारी जीव वाचवते. पण रोज सकाळी सात वाजता हीच तयारी होऊ लागली, की आतड्यांची चाल बिघडते, मान-खांद्याचे स्नायू आवळलेलेच राहतात आणि रात्री डोळा लागत नाही. त्यातून बेंबीभोवतीची पोटदुखी, कपाळभर पट्टा आवळल्यासारखं डोकं, मळमळ आणि थकवा येतो. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये अशा तक्रारींची शक्यता इतर मुलांच्या सुमारे दुप्पट निघाली. बराच काळ छळ सोसलेल्या काही मुलांमध्ये कॉर्टिसोलची प्रतिक्रिया वाढण्याऐवजी बोथट होते. ‘हल्ली शांत झालाय’ हे नेहमी चांगलं लक्षण नसतं, ते यामुळे.

काही खुणा चटकन लक्षात येत नाहीत. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते आणि घरात शिरताच मूल दप्तर टाकून संडासाकडे धावतं. शाळेतलं स्वच्छतागृह ही छळाची नेहमीची जागा, कारण तिथे मोठं माणूस नसतं. मग मूल पाणीच पित नाही आणि लघवी दाबून ठेवतं. त्यातून बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग आणि दुपारची डोकेदुखी होते. घरी आल्यावर अधाशासारखं खाणंही असंच: डबा हिसकावला गेला, किंवा एकटं बसून खायची लाज वाटली. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी कराच, पण शाळेचाही विचार करा.

ज्या मुलांना मुळात आजार आहे, त्यांच्याकडे जास्त बारकाईने पाहा. दम्याचं मूल हसतील म्हणून सगळ्यांसमोर पंप घेत नाही, मधुमेहाचं मूल इन्सुलिनची वेळ चुकवतं. औषध बदलूनही आजार आटोक्यात येत नसेल, तर ते वर्गात नीट घेतलं जातंय का, हे आधी विचारा. वजनावरून चिडवल्या जाणाऱ्या मुला-मुलींत जेवण टाळणं किंवा लपून खाणं सुरू होऊ शकतं. तिथे घरातल्या थट्टेलाही तितकाच लगाम घालावा लागतो.

‘मोठा झाला की विसरेल’ हे म्हणणं टिकत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. सातव्या आणि अकराव्या वर्षी छळ झालेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचे विकार जास्त आढळले. याचा अर्थ प्रत्येक मुलाचं असंच होतं असा नाही. छळ लवकर थांबवण्याची घाई का करायची, ते मात्र यातून कळतं.

पंधरा दिवसांची वही

रोज रात्री पाच मिनिटं. तारीख आणि वार. काय दुखलं, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं. झोप किती लागली, मध्ये उठणं झालं का. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. त्यात रोज दीड-दोन तासांची तूट असेल, तर तीही लिहा. त्या दिवशीचं वेळापत्रक लिहा: खेळाचा तास, प्रयोगशाळा, बस की पायी. घरी आलेल्या वस्तूंची अवस्थाही लिहा, फाटलेली वही, हरवलेली पेन्सिलपेटी, तुटलेला पट्टा. आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत.

दोन शनिवार-रविवार येतील एवढे दिवस नोंद ठेवा, कारण सुट्टीचे दिवसच तुलनेचा आधार. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे निरीक्षणाऐवजी निष्कर्ष लिहिणं. ‘पुन्हा त्या मुलाने त्रास दिला’ यापेक्षा ‘मंगळवार, डाव्या दंडावर बाहेरून दोन निळे डाग, “पडलो” म्हणाला’ ही नोंद दहापट उपयोगाची.

मग वही वाचा. फक्त शाळेच्या दिवशी दुखतं? फक्त खेळाच्या तासाच्या दिवशी? मग कपडे बदलायच्या खोलीचा विचार करा. घरून नेताना ठीक, बसने जाताना त्रास? मग बस. सुट्टीतही तेवढंच दुखत असेल, तर आधी डॉक्टर. वही जागा आणि वेळ सांगते, माणूस सांगत नाही. परीक्षेची भीती, वाचनातली अडचण किंवा एखाद्या शिक्षकांचा धाक यांचा आराखडाही असाच दिसू शकतो.

हे सगळं संशय असताना. मूल स्वतःहून बोललं असेल किंवा अंगावर मार दिसत असेल, तर पंधरा दिवस थांबू नका. वही चालू ठेवा आणि त्याच दिवशी पुढचं पाऊल टाका.

मुलाशी बोलताना

समोरासमोर बसवू नका. चालताना, भांडी आवरताना, म्हणजे नजर दुसरीकडे असताना मुलं जास्त बोलतात. ‘तुला कुणी त्रास देतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे ठरलेलं उत्तर आहे. त्याऐवजी ‘मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस?’, ‘बसमध्ये शेजारी कोण बसतं?’, ‘गट पाडायला सांगितले की काय होतं?’ असं विचारा. लहान मुलाकडून शाळेचा नकाशा काढून घ्या: दार, जिने, वर्ग, मैदान, नळ, स्वच्छतागृह. बरं वाटतं तिथे हिरवा रंग, नको वाटतं तिथे लाल. तासभराच्या चौकशीत निघत नाही ते या कागदावर दहा मिनिटांत निघतं.

मूल बोलायला लागलं की तुमचा चेहरा सांभाळा. आई रडली किंवा बाबा चप्पल घालून निघाले, की पुढची गोष्ट कधीच सांगितली जात नाही. एवढंच म्हणा: ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. हे थांबवणं आम्हा मोठ्यांचं काम आहे.’ ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते मोडावं लागतं. ‘तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही’ हे देता येतं आणि पाळताही येतं.

दोन सल्ले घराघरात तयार असतात आणि दोन्ही फसतात. ‘लक्ष देऊ नकोस’ म्हटलं की मुलाला कळतं, घरीही मदत नाही. आणि छळणारा प्रतिक्रिया मिळेपर्यंत पुढची पायरी चढत जातो. ‘तूही एक ठेवून दे’ म्हणताना ताकदीतला फरक विसरला जातो. मूल आणखी मार खातं, किंवा नेमक्या त्याच क्षणी शिक्षकांच्या नजरेस पडून तेच दोषी ठरतं. शिवाय छळ सोसणारी आणि छळणारी अशी दोन्ही भूमिकांतली मुलं आरोग्याच्या दृष्टीने सर्वात वाईट अवस्थेत असतात, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये मुलांच्या मोठ्या गटाचा तरुणपणापर्यंत पाठपुरावा करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसलं.

उद्यासाठी मुलाच्या हातात चार गोष्टी द्या: लाल जागा टाळणारा रस्ता, सोबत राहील असा एक मित्र किंवा मैत्रीण, शाळेतल्या एका मोठ्या माणसाचं नाव आणि एक छोटं वाक्य. ‘मला हे आवडत नाही, मी जातोय.’ वाक्य घरी आरशासमोर दहा-बारा वेळा म्हणून घ्या. आवाज सपाट, पाय चालते. याने छळ बंद होत नाही, त्या क्षणातून बाहेर पडता येतं, इतकंच.

मित्राचं महत्त्व कमी लेखू नका. कॅनडात शाळेच्या मैदानांचं चित्रीकरण करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बघणारी मुलं मध्ये पडण्याचे प्रसंग थोडेच होते. पण ती पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडायचं म्हणजे मारामारी नव्हे. ‘चल, सर बोलावतायत’ म्हणून हात धरून घेऊन जाणं पुरतं.

शाळेकडे

फोनवर किंवा फाटकाशी उभ्या उभ्या तक्रार करू नका. दोन दिवसांनी तिचा माग राहत नाही. वर्गशिक्षकांकडे लेखी वेळ मागा, वीस-तीस मिनिटांची. अर्ज एका पानाचा: काय घडलं, कुठे, कोणत्या तारखांना, मुलाच्या तब्येतीवर काय परिणाम, आणि तुमची विनंती. वहीतल्या तीन-चार ठळक नोंदी जोडा, सगळी वही नको. जखमांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले असावेत. भाषा अशी: ‘३ ते १४ तारखेदरम्यान चार वेळा मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यावर माझ्या मुलाला अडवलं गेलं. त्या काळात सहा दिवस सकाळी पोटदुखी आणि दोन दिवस गैरहजेरी झाली.’ ‘तुमच्या शाळेत गुंडगिरी चालते’ असं लिहिलंत, की शिक्षक स्वतःचा बचाव करायला लागतात आणि मुलाचा विषय बाजूला पडतो.

मागणी नेमकी करा. त्या जिन्यावर मधल्या सुट्टीत कोण उभं राहील? मुलाने कुणाकडे जायचं, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कुणाकडे? आम्हाला कधी कळवणार? सुरक्षिततेची सोय दोन शाळेच्या दिवसांत, चौकशीचं उत्तर आठवड्यात, मग दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी पुन्हा भेट, ही मुदत वाजवी आहे. भेटीनंतर त्याच संध्याकाळी जे ठरलं ते चार ओळींत लिहून शिक्षकांना पाठवा. उत्तर आलं नाही तर मुख्याध्यापक, मग संस्थाचालक किंवा शिक्षण खातं. प्रत्येक वेळी आधीच्या पत्राची प्रत जोडून.

शाळा चांगल्या मनाने काही गोष्टी सुचवते, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. दोन्ही मुलांना समोरासमोर आणून ‘हात मिळवा’ करणं त्यातलं पहिलं. समेट बरोबरीच्या दोघांत होतो. इथे एकजण मान खाली घालून माफ करतो आणि बाहेर पडल्यावर त्याची किंमत मोजतो. दुसरं, ‘तुमच्याच मुलाचा वर्ग बदलू’. जागा बदलायची तर छळणाऱ्याची. तिसरं, प्रार्थनेच्या वेळी ‘काही मुलं एका मुलाला त्रास देतात’ असं जाहीर भाषण: कुणी सांगितलं हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं.

मग काय करावं? फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेली आणि २००९ पासून देशभरातल्या शाळांत पसरलेली ‘किवा’ पद्धत यासाठी नमुना म्हणून पाहता येते. शाळेतल्या मोठ्यांचं एक छोटं पथक छळणाऱ्या मुलांशी एकेकट्याने बोलतं, जेणेकरून त्यांना आपसांत कहाणी जुळवता येऊ नये. काय बदलायचं ते ठरवून थोड्या दिवसांनी बदल झाला का हे तपासलं जातं. सोबत वर्गातल्या ज्यांचं ऐकलं जातं अशा दोन-चार मुलांना, छळ सोसणाऱ्याला सांभाळून घ्यायला सांगितलं जातं. भर बघ्यांवर असतो. हसणारे प्रेक्षक आटले की छळणाऱ्याची मजा जाते.

दुसऱ्या मुलाच्या पालकांना स्वतः गाठू नका. बहुतेक पालक आपल्या मुलाची बाजू घेतात, आवाज चढतो, आणि त्याचा राग दुसऱ्या दिवशी वर्गात निघतो.

डॉक्टरकडे केव्हा

वही घेऊन एकदा जाच. तपासणी स्वच्छ आली तर ‘काही झालेलं नाही’ असं मुलाला सांगू नका. ‘दुखतंय ते खरं आहे, पोटात धोक्याचा आजार नाही’ असं सांगा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, शौचातून रक्त, सतत उलट्या, ताप, किंवा पोटाच्या उजव्या बाजूला खाली एकाच जागी दुखणं असेल, तर शाळेचा विषय बाजूला ठेवून लगेच तपासा. तेच सकाळी उलटीसह येणाऱ्या किंवा नजर बिघडवणाऱ्या डोकेदुखीचं. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा मूल गुंगीत असेल, तर थेट रुग्णालय.

पोटदुखीसाठी रोज घरी ठेवणं सोयीचं वाटतं, पण प्रत्येक गैरहजेरीने परतीचा उंबरठा उंच होतो. आधी शाळेत सुरक्षिततेची सोय करून घ्या, मग गरज असेल तर पहिले काही दिवस फक्त दोन-तीन तास, ओळखीच्या शिक्षकांच्या स्वाधीन, आणि हळूहळू पूर्ण दिवस. छळ चालू असताना मुलाला ओढत नेणं मात्र चूक.

दोन आठवडे उदासी, आवडीचे खेळ सुटणं, झोप-भूक बिघडणं, हातावर ओरखडे, ‘मी नसतो तर बरं’ अशी वाक्यं यांतलं काहीही दिसलं, तर सरळ विचारा: ‘जगू नये असं तुझ्या मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. इथे ‘तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही’ हे वचन लागू नाही, आणि तसं मुलाला स्पष्ट सांगा.

फोनवरचा छळ

घरी आल्यावर शाळा सुटते, पण फोन सुटत नाही. एकदाच टाकलेला फोटो प्रत्येक नवा बघणारा पुन्हा जिवंत करतो, म्हणून ‘एकदाच केलं’ हा बचाव इथे चालत नाही. क्रम महत्त्वाचा: आधी पुरावा, मग तक्रार, मग ब्लॉक. तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, दुवा लिहून ठेवा. घाईने सगळं पुसून टाकलंत तर शाळेला किंवा पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. अपवाद एकच: मुलांची नग्न किंवा लैंगिक छायाचित्रं असतील, तर त्यांच्या प्रती काढू नका, पुढे पाठवू नका, खात्याचं नाव आणि वेळ लिहून थेट पोलिसांकडे जा. उलट उत्तर देऊ नका. आणि मुलाचा फोन काढून घेऊ नका. ‘सांगितलं की फोन जातो’ हे एकदा शिकलेलं मूल पुन्हा सांगत नाही. फोन रात्री सगळ्यांचाच, तुमचाही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा.

आणि छळणारं मूल आपलं असेल तर

शाळेतून फोन आला की पहिलं वाक्य ‘माझं मूल असं नाही’ हे येतं. ते गिळा. ‘काय घडलं ते सविस्तर सांगा’ म्हणा. मुलाशी बोलताना ‘का केलंस’ पेक्षा ‘काय केलंस, तेव्हा कोण बघत होतं, समोरच्याला कसं वाटलं असेल’ हे विचारा. मारून शिकवू नका. ज्याची ताकद जास्त त्याने मारावं, हाच धडा पक्का होतो. मोडलेली वस्तू स्वतःच्या खाऊच्या पैशांतून भरून देणं, ठरावीक दिवस मोकळा वेळ बंद, असे छोटे पण टळणार नाहीत असे परिणाम ठेवा. घरात कुणाची अशीच थट्टा चालते का, त्यालाही कुणी छळतं का, हेही पाहा.

तीन आठवडे शांत गेले तरी वही बंद करू नका, आठवड्याला एका ओळीवर आणा. छळ बहुधा थांबत नाही, आधी जागा बदलतो: जिन्यावरून बसमध्ये, बसमधून फोनमध्ये. सहा आठवड्यांच्या भेटीत शाळेकडून ‘आता काही तक्रार नाही’ असं ऐकलंत, तर तोच नकाशा मुलाकडून पुन्हा रंगवून घ्या आणि जुन्या शेजारी ठेवून लाल जागा मोजा.